बोर्डावर न येणारा आठ

वामनरावांनी माझ्या टेबलावर तीन वह्या ठेवल्या, लॅबचं दार लोटून घेतलं आणि खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

"मॅडम, याच्यात काही आहे का पाहून द्या ना जी."

मी बी.एस्सी.च्या मुलांची प्रॅक्टिकलची जर्नलं तपासत होते. वर न बघताच विचारलं, "कशात?"

"लाटरीत."

तेव्हा मात्र मी वर पाहिलं.

आधी माझी ओळख करून देते. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. आता घरी बसून नातीचे कान पिळते. गोष्ट आहे मी छप्पन वर्षांची तरुण मुलगी होते तेव्हाची. स्वतःचे दात, स्वतःचे गुडघे, विभागप्रमुखाची खुर्ची आणि डोक्यात हवा, सगळं एकदम ठणठणीत होतं. वामनराव आमच्या विभागाचे अटेंडंट. नालवाडीहून सायकलने यायचे. आमची तुकडी विनाअनुदानित, त्यामुळे त्यांचा पगार कधी महिन्याने यायचा, कधी दोन महिन्यांनी. त्यांची मुलगी पल्लवी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि सावंगी रोडवरच्या एका छोट्या नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागायची दाट शक्यता होती. हे सगळं मला माहीत होतं. एवढंच माहीत होतं, असं म्हणणं जास्त खरं.

"वामनराव, तुम्ही लॉटरी खेळता?"

"हप्त्याले एक तिकीट, मॅडम. जास्त नाई. पण नंबर लिहून ठेवतो. अकरा वर्सं झाले."

वह्या आमच्याच लॅबमधल्या, उरलेल्या कोऱ्या पानांच्या. प्रत्येक पानावर तारीख आणि त्या आठवड्यात बक्षीस लागलेले चार-चार आकडी नंबर. अक्षर मोत्यासारखं. माझ्या एम.एस्सी. झालेल्या सहकाऱ्यांची नोंदवही अशी नव्हती.

"आणि तुम्हाला काय वाटतं यात?"

त्यांनी आवाज खाली आणला. "शेवटचा आकडा पाहा. आठ येतच नाई."

मी हसले. लॉटरीत पॅटर्न शोधणारी माणसं मी पाहिली होती. कोणी स्वप्नातल्या सापाची लांबी मोजतं, कोणी गाडीचा नंबर उलटा लिहितं. ड्रमला मागचं काही आठवत नसतं. मागच्या आठवड्यात काय निघालं हे त्याला ठाऊक नसतं आणि पुढच्या आठवड्याची त्याला पर्वा नसते. हे वाक्य मी दरवर्षी वर्गात म्हणायचे आणि मुलं दरवर्षी वहीत उतरवून घ्यायची.

"ठेवून जा," मी म्हणाले. "संध्याकाळी बघते."

संध्याकाळी घरी कुकर लावला आणि मोजायला बसले. नंबरांचे शेवटचे आकडे घेतले, दहा डबे केले. शून्याचा डबा, एकाचा डबा, असे नवापर्यंत. हजाराच्या वर नंबर होते. म्हणजे प्रत्येक डब्यात शंभराच्या आसपास यायला हवेत. कुठे नव्वद, कुठे एकशे बारा, इतपत कमी-जास्त चालतं. आठाच्या डब्यात एकतीस होते.

मी पुन्हा मोजलं. एकतीस. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मात्र मोजायचं राहिलं.

आमच्याकडे एक चाचणी असते, तिला काय-स्क्वेअर टेस्ट म्हणतात. सोपं आहे. डब्यांत जेवढं यायला हवं होतं आणि जेवढं आलं, यातला फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो का, एवढंच ती सांगते. फरक का पडला हे ती सांगत नाही. तिने सांगितलं, योगायोग नाही. अजिबात नाही.

आता माझ्याच पुस्तकातला पहिला धडा काय आहे सांगू? आकडे हातात आले की आधी विचारायचं, हे कुठून आणलेत, कोणी लिहिले, काय सुटलं. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी हे शिकवायचे. बोट वर करून शिकवायचे. आणि मी, विभागप्रमुख, करपलेल्या वरणाच्या वासात बसून टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी वामनराव दारातच थांबले होते.

"निघालं का जी काही?"

"वामनराव, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आठ फार कमी येतो. हा निव्वळ नशिबाचा खेळ दिसत नाही."

एवढंच बोलले. शप्पथ, एवढंच. पण त्यांचा चेहरा मी पाहिला होता. अकरा वर्षांनी कोणीतरी त्यांच्या वहीवर सही केली होती.

"मंग आठ बाकी आहे म्हणायचा," ते म्हणाले.

इथे मला थांबवायला हवं होतं. "बाकी वगैरे काही नसतं," हे एक वाक्य. पण बेल झाली, मी खडू उचलला आणि वर्गात गेले.

प्राचार्यांना मी त्याच दिवशी सांगितलं. त्यांना कॉलेजच्या तपासणीला कमिटी येणार होती म्हणून प्राध्यापकांचे पेपर हवे होते, कसलेही.

"मॅडम, लॉटरीत पॅटर्न? हे तर पेपरात छापून येईल! सेमिनारला पाठवाच."

"अजून थोडा डेटा हवा, सर."

"मग घ्या ना डेटा. तुमच्या विभागातच चालता-फिरता आहे."

त्यावर आम्ही दोघं हसलो. मला ते हसणं आठवतं.

मी वामनरावांना सांगितलं, दर आठवड्याला मला नवे नंबर आणून देत चला. ते देऊ लागले. आणि मग एक मजा झाली. आठ यायला लागला. तिसऱ्या आठवड्यात दोनदा, पाचव्यात तीनदा. वर्षानुवर्षं तोंड लपवून बसलेला आठ एकदम चव्हाट्यावर आला. मी आलेखावर लाल पेनाने ठिपके काढत होते. काहीतरी बदललं होतं, आणि ते मला दिसत होतं. अशा वेळी माणूस फार सुंदर दिसतो, असा माझा समज होता. मी त्या आठवड्यात नवी साडीसुद्धा घेतली.

एका सकाळी वामनरावांनी पेढा आणला.

"आठ लागला, मॅडम. बारकंच इनाम आहे. पण लागला."

"अरे वा! किती तिकिटं घेता हल्ली?"

"थोडे वाढवले." ते जरा घुटमळले. "पल्लवीची लिस्ट लागली जी. नंबर आहे तिचा. पहिल्या वर्साची फी आहे माह्याजवळ. पण कोर्स चार वर्साचा. बाकी तीन वर्साची सोय कुठून करू? मधातून पोरीले काढावं लागलं तं?"

"जपून हं, वामनराव," मी म्हणाले. पेढा तोंडात होता. तोंडात पेढा असताना दिलेला इशारा किती गोड लागत असेल, विचार करा.

सेमिनारला मी गोषवारा पाठवला. गोषवारा म्हणजे पेपरचं सार, एका पानाचं. शीर्षक इतकं लांब होतं की आता मला ते एका श्वासात म्हणता येत नाही. तो एका पुस्तिकेत छापला जाणार होता. सेमिनारच्या मॅडमचा फोन आला, एखादा फोटो असेल तर पाठवा. मी म्हटलं, लॉटरीच्या काउंटरचा काढते. तेवढंच जरा जिवंत वाटेल.

म्हणून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, एका शुक्रवारी सकाळी मी बस स्टँडजवळच्या त्या काउंटरवर गेले. अकरा वाजायला आले होते. काउंटर म्हणजे एक टपरी. वर दोरीला चिमटे लावून तिकिटं टांगलेली. बाजूला काळा बोर्ड, त्यावर खडूने नंबर. मालक बबन. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, तरी बोलणं चालू.

"मॅडम, वामनभाऊच्या कॉलेजच्या ना तुमी? काढा, काढा फोटो. जरा बोर्ड पुसून देऊ का?"

"नको, नंबर दिसू देत. हा कालचा निकाल ना?"

"निकाल?" बबन बाजूला थुंकून आला. "निकाल तं हा पाहा."

त्याने खणातून एक घडी घातलेला कागद काढला. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात नंबरच नंबर. शंभराच्या वर असतील.

"मग बोर्डवर हे दोन-चारच?"

"मॅडम, हा आमच्या दुकानाचा बोर्ड आहे. निकालाचा नाई. आपल्या काउंटरवरून जे तिकीट गेले आन् लागले, तेवढेच लिहितो मी. बाकीच्याईचे लिहून मले काय फायदा? गिऱ्हाईक पाह्यते, याच्याकडचे नंबर लागते, मंग घेते."

माझ्या हातातला मोबाईल तसाच वर राहिला.

"बबन, बोर्डवर आठ कमी का असायचे?"

"कारन आठ कोनी घेतच नाई ना! आठ म्हनजे शनी. लोक म्हनते, साडेसाती कायले पैसे देऊन घेऊ? बंडल आलं का आठवाले मी बाजूले काढत होतो आन् नागपूरच्या एजंटले वापस करत होतो. आता नाई करत. आता वामनभाऊ घेते सारे."

सगळं एका क्षणात जागेवर बसलं. मी इतकी वर्षं शिकवलं होतं, त्यामुळे बसायला वेळ लागला नाही. तो पॅटर्न लॉटरीचा नव्हताच. वर्ध्याच्या बस स्टँडवरची माणसं शनीला भितात, एवढाच होता. वामनराव आठवाली तिकिटं घ्यायला लागले म्हणून बोर्डवर आठ यायला लागला. माझ्या आलेखावरचे लाल ठिपके म्हणजे वामनरावांची तिकिटं होती. त्यांच्या घरातून निघालेले पैसे मी लाल पेनाने मोजत होते.

"काल मोठ्या इनामाचा बंपर होता ना," बबन म्हणाला. "वामनभाऊनं बंपरचेही सारे आठवाले नेलते. म्या म्हनलं, भाऊ, एवढे कायले? थो म्हने, मॅडमनं हिशोब काढला आहे."

"लागलं?"

"कायचं लागते जी. एक बारकं लागलं. पोरीच्या फीचे पैसे होते म्हनते. आज शेवटची तारीख आहे म्हने तिची, चार वाजेलोक. सकाळीच इथं येऊन बसलता. म्या चहा पाजला, मंग गेला बिचारा."

हे मला अकरा वाजून काही मिनिटांनी कळलं. पुढे मी काय केलं ते क्रमाने लिहिते, कारण सगळं त्या क्रमातच आहे.

मी आधी कॉलेजात गेले.

पुस्तिका दुपारी छापायला जाणार होती. माझ्या नावाने तो मूर्खपणा छापला गेला तर? दहा मिनिटांचं काम आहे, म्हटलं. एक फोन, एक मेल, की लगेच वामनरावांकडे. सेमिनारच्या मॅडम फोन उचलेनात. मग मेल लिहायला घेतला. ‘चूक’ लिहू की ‘त्रुटी’? त्रुटी बरी वाटली. मग तीही जास्त वाटली. अर्धा तास घालवून ‘नमुना निवडीतील मर्यादा लक्षात आल्याने’ असं लिहिलं. वाचून बघितलं तर चूक दुसऱ्याच कोणाचीतरी वाटत होती, तेव्हा समाधान झालं. नेट बंद. कॉलेजबाहेरच्या सायबर कॅफेत गेले. तिथून मेल गेला. पोचला की नाही याची खात्री करायला पुन्हा फोन. त्या जेवायला गेल्या होत्या. मी वाट बघितली. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, एवढं काय, पुस्तिका तर पुढच्या आठवड्यात जाणार आहे."

तेव्हा दीड वाजला होता.

मग मी बँकेत गेले. माझ्याजवळ पैसे होते. ती अडचण कधीच नव्हती. नर्सिंग कॉलेजला डीडी लागायचा, म्हणजे बँकेने लिहून दिलेला पक्का कागद. फॉर्म भरला. टोकन घेतलं. सहीवाले साहेब जागेवर नव्हते. डीडी हातात आला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. स्कूटीवरून मी तीसच्या वर कधी गेले नव्हते. त्या दिवशी चाळीसने गेले. रेल्वे फाटक बंद होतं. गाडीचे डबे मोजले. सवय.

पोचले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

ऑफिसच्या खिडकीत एक माणूस डीडी देत होता, शेजारी त्याची मुलगी. समुद्रपूरकडचे असावेत, हातात एसटीची तिकिटं तशीच होती. मुलगी रडत होती आणि हसत होती.

"पल्लवीची फी भरायची आहे," मी खिडकीतून म्हणाले. "वामनरावांची मुलगी."

क्लार्क बाई चांगल्या होत्या. "मॅडम, चारपर्यंत थांबलो आम्ही. चारच्या वर पाच मिनिटंही थांबलो. मग वेटिंगमधली पुढची मुलगी घेतली. तीही सकाळपासून इथेच बसलीय."

मी त्या मुलीकडे पाहिलं. तिच्याकडून काही परत मागता येण्यासारखं नव्हतं.

वामनराव आणि पल्लवी मागच्या पायऱ्यांवर बसले होते. वामनरावांनी आधी माझ्याकडे आणि मग हातातल्या कागदाकडे पाहिलं. तो काय आहे ते त्यांना कळलं. ते उठून उभे राहिले. माझ्यासमोर ते कधीच बसले नव्हते.

"मॅडम, वही चुकली का जी?"

"वही नाही चुकली. मी चुकले. तुम्ही नंबर कुठून उतरवता ते मी विचारलंच नाही."

"विचारलं असतं तं सांगतलं असतं ना," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मला समजावल्यासारखं बोलत होते. "बबनच्या बोर्डावरून. मले वाटलं, तुमाले ठाव असंल."

मी त्यांना सगळं सांगितलं. बोर्ड, शनी, नागपूरचा एजंट. त्यांना एकदाच सांगावं लागलं. माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना तीनदा लागायचं.

"म्हनजे आठ मीच आनत होतो," ते म्हणाले आणि खाली बसले.

 पल्लवी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिने विचारलं, "मॅडम, तुमाले हे कधी कळलं?"

मी खोटं बोलू शकले असते. "सकाळी," मी म्हणाले. "अकराला."

तिने ऑफिसमधल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे नाही पाहिलं.

डीडी मी बँकेला परत केला. पुढच्या वर्षी भरू म्हणून वामनरावांच्या मागे लागले. त्यांनी हात जोडले. "नाई मॅडम. तुमी तं खर्चच केला आमच्यावर. टाईम दिला." टोमणा होता की नव्हता, मला आजही ठरवता येत नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या बायकोचं ऑपरेशन निघालं. पल्लवी एका दवाखान्यात वॉर्ड अटेंडंट म्हणून लागली, तात्पुरती. तात्पुरत्याला आता बारा वर्षं होतात.

गेल्या हिवाळ्यात माझा डावा गुडघा बदलला. दुसऱ्या दिवशी उभं करायला जी बाई आली, तिने मला काखेत धरलं आणि म्हणाली, "घाबरू नका मॅडम, मी धरलं आहे." मी ओळखलं. तिने आधीच ओळखलं होतं. तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान सिस्टर तिला ‘अगं पल्लवी, बेडपॅन’ म्हणून हाक मारायची. पल्लवी जायची. मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

"बाबा कसे आहेत?" मी तिसऱ्या दिवशी विचारलं. तेवढं धैर्य गोळा करायला तीन दिवस लागले.

"गेले ना. दोन वर्सं झाले."

 ती उशी नीट करत राहिली. मग म्हणाली, "तुमच्यासाठी एक वही ठेवलती त्याईनं. मॅडम भेटल्या तं देजो म्हने. म्या मुद्दामच नाई आनली इतके दिवस."

डिस्चार्जच्या दिवशी तिने आणून दिली. माझ्या नातीने ती चाळली आणि म्हणाली, "आजी, हे काय, जॅकपॉटचं सीक्रेट?"

तेच मोत्यासारखं अक्षर. त्या शुक्रवारनंतरची नऊ-दहा वर्षं. त्यांनी पुन्हा कधी तिकीट घेतलं नाही, पल्लवीने सांगितलं, फक्त महिन्याला एक अख्खा निकाल लिहायचे. आधी बबनकडचा छापील कागद मागून, मग मोबाईलवर यायला लागल्यावर पल्लवीला उघडायला लावून. शेवटच्या पानांवर शून्य ते नऊ अशा दहा ओळी, प्रत्येकीत पाच-पाच रेघांचे जुडगे बांधलेले. मी मोजले. चष्मा लावून, दोनदा. आठ बाकीच्यांच्या बरोबरीने आला होता. टेस्ट लावली. पॅटर्न नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात स्वच्छ निकाल, आणि तो कुठे छापून येणार नाही.

प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात, तारखेखाली त्यांनी दोन शब्द लिहून ठेवले होते. पानामागून पान, एकही न चुकता. ‘पूर्ण निकालावरून.’

नातीच्या मैत्रिणी आता मोबाईलमध्ये कसले कसले आकडे घेऊन येतात आणि मला म्हणतात, आजी, यात काही आहे का बघ. मी दोन प्रश्न विचारते. हे कुठून आणलंस? आणि आज कोणाची कशाची शेवटची तारीख तर नाही ना? त्या हसतात. पहिला प्रश्न पुस्तकात आहे.